प्रभुची सोय

त्या सकाळी प्रभु उठेचना.

सावित्रम्मांनी आधी नेहमीसारखी हाक मारली. मग पांघरूण ओढलं. मग तोंडावरून ओलं फडकं फिरवलं. एरवी ओल्या फडक्याला प्रभु हमखास चिडायचा, "बेडा, बेडा" करत हात झटकायचा. त्याला बोलता यायचे ते मोजकेच शब्द, निम्मे कन्नड, निम्मे मराठी, आणि त्यातला "बेडा", म्हणजे नको, हा सगळ्यात स्पष्ट. त्या दिवशी तोही निघाला नाही. त्यांनी त्याचा हात उचलून सोडला, तर तो गादीवर पडला तसाच राहिला. बेचाळिशीचा, अंगानं भरलेला माणूस. त्याला हलवता हलवता त्यांनाच धाप लागली.

बाळीवेशीतल्या त्या गल्लीत शेजारी राहणारा निंगप्पा धावत आला. त्यानं रिक्षा थांबवली, दोघा-तिघांनी मिळून प्रभुला आत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचे डोळे उघडून टॉर्च मारली आणि विचारलं, "फिटची गोळी किती देता?"

"रोज रात्री एक."

"काल किती दिलीत?"

"एक."

तोवर लेक चंद्रिका जुळे सोलापूरहून थेट आईच्या घरी जाऊन औषधांची पिशवी घेऊन आली होती. तिनं पाकीट डॉक्टरांच्या हातात दिलं. कालच आणलेलं नवं पाकीट, आणि त्यातल्या चार गोळ्या गेलेल्या.

जेवण झाल्यावर आपण गोळी दिली, हे सावित्रम्मांना पक्कं आठवत होतं. तांब्या, गोळी, प्रभुचं उघडलेलं तोंड. आता त्यांनी पुन्हा आठवून पाहिलं. तेच एक देणं त्यांना पुन्हा पुन्हा आठवत होतं, की त्या खरंच पुन्हा पुन्हा उठून देत होत्या, हे काही केल्या सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी प्रभुनं डोळे उघडले आणि "अव्वा, ऊटा" म्हणून आईकडं जेवायला मागितलं. चंद्रिका तिथंच खाली बसून रडली. सावित्रम्मांनी त्याला पेज भरवली. त्यांना रडू आलं नाही. पायावर पाय ठेवून बसल्यावर मुंग्या यायच्या आधी पाय जसा होतो, आपला असून आपला नसलेला, तसं काहीतरी त्यांच्या छातीत होऊन बसलं होतं.

डॉक्टरांनी मग त्यांनाच खुर्चीवर बसवलं. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत या. सावित्रम्मा नवऱ्याच्या दुकानात कापडाच्या मीटरचे हिशेब तोंडी करणारी बाई, ब्याण्णव-त्र्याण्णवलाच अडकल्या. बाहेर व्हरांड्यात डॉक्टर चंद्रिकेला हळू आवाजात सांगत होते. विसरण्याचा आजार, वाढत जाणारा. मुलाची जबाबदारी आता यांच्यावर नको. दार उघडंच होतं. सावित्रम्मांनी सगळं ऐकलं.

प्रभु जन्मला तेव्हा बराच वेळ रडला नव्हता. तेव्हापासून त्या घराची घडी त्याच्याभोवती बसली होती. नवरा मडिवाळप्पा यांचं नवी पेठेत अस्तर-फॉलचं मॅचिंगचं दुकान होतं. सकाळी बापलेक दुकानात जायचे, प्रभु गल्ल्याशेजारी बसून पिशव्यांच्या घड्या घालायचा, गिऱ्हाइकाला "या" म्हणायचा. दुपारी डबा घेऊन सावित्रम्मा जायच्या. मडिवाळप्पा गेले, दुकान दुसऱ्याला गेलं, प्रभु घरात बसला. नातेवाईक आले की एकच विचारायचे, "तुमच्यामागं याची सोय काय?" सावित्रम्मा देवाच्या तसबिरीकडं बघून म्हणायच्या, "सिद्धरामाला काळजी." लोक मान हलवायचे आणि चहा घेऊन जायचे. त्या प्रश्नात 'तुमच्यामागं' म्हणजे मेल्यावर, असंच सगळे धरून चालले होते. जिवंत राहूनही माणूस मागं पडू शकतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

चंद्रिकेनं दोघांना आपल्या घरी आणलं. दोन खोल्यांचा फ्लॅट. त्यातल्या पुढच्या खोलीत तिचा कडक भाकरीचा धंदा चालायचा: सकाळपासून तीन बायका भाकऱ्या थापायच्या, मोठमोठे तवे तापलेले, भाकऱ्यांच्या चळती पंख्याखाली वाळत. नवरा गुरुशांत पतसंस्थेत कामाला. माणूस अबोल, पण मनानं वाईट नव्हता. त्यानं आपली खाट प्रभुला दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात अंथरूण टाकलं.

प्रभुसारख्या मोठ्या माणसांना ठेवून घेणारी जागा शोधायला त्यानंच सुरुवात केली. बऱ्याच ठिकाणी मुलंच घेत होते. अठरा वर्षं झाली की ती घरी परत. शेवटी जेऊरजवळ एक निवासी घर सापडलं. स्टेशनवर उतरून थोडं आत, उसाच्या रानाकडेला. चालवणाऱ्या रेश्माताईंचा स्वतःचा भाऊ तिथं राहत होता. जागा स्वच्छ होती. माणसं परसात शेंगा निवडत बसली होती, एकजण गाईला पाणी पाजत होता. रेश्माताई म्हणाल्या, आठ दिवस ठेवून बघू.

सावित्रम्मांनी प्रभुची पिशवी भरली होती. निघताना त्या म्हणाल्या, "मी येते हं." प्रभु "हं" म्हणाला. गाडीत चंद्रिका त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"अव्वा, काहीतरी बोल की."

"काय बोलू?"

"वाईट वाटतंय का तुला?"

सावित्रम्मांनी खरोखर विचार करून पाहिला. "कळत नाही गं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

आठ दिवस पुरे व्हायच्या आतच फोन आला. ते पुन्हा जेऊरला गेले. फाटकापाशी तिथला कामाचा माणूस, कुंडलिक, उभा होता. तो थेट सावित्रम्मांकडं आला.

"मावशी, पोरगं लई गुणाचं हाय तुमचं. सांगंल तितं बसतंय. कुणाला मारणं न्हाय, वरडणं न्हाय. पर चपला काढंना की. रातीबी चपला घालूनच झोपतंय. काढाया गेलं की पाय पोटाशी घेतंय."

प्रभु फाटकाकडं तोंड करून ओट्यावर बसला होता. मांडीवर भरलेली पिशवी. आईला बघून तो धावला नाही. नुसता उठून उभा राहिला आणि चालू लागला, रस्त्याकडं.

रेश्माताईंनी त्यांना आत बसवलं. "त्यानं इथं राहू नये असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "राहील तो. पण असं एकदम नको. महिन्यातून दोन दिवस आणा, मग चार दिवस. वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर घरी त्याला रोजचं माणूस रोज दिसलं पाहिजे. आमच्याकडं काहीजण आई गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आणून सोडलेले आहेत. आई कुठं गेली, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते वर्षानुवर्षं दाराकडं बघत बसतात."

"आई मेली तर असं सांगता येईल," सावित्रम्मा म्हणाल्या. "आई मेली नाही, नुसती त्याला विसरली, तर काय सांगायचं?"

 "मला माहीत नाही, मावशी," रेश्माताई म्हणाल्या.

त्या बाईबद्दल सावित्रम्मांना पहिल्यांदा विश्वास वाटला तो तेव्हा.

प्रभु परत आला आणि चंद्रिकेच्या घरात रुळायला लागला. भाकरी थापणाऱ्या बायकांनी त्याला वाळलेल्या भाकऱ्या एकावर एक रचायला शिकवलं. भाकरी मोडली की तो घाबरून त्यांच्याकडं बघायचा, बायका म्हणायच्या, "मोडली तर खा." मग तो मोडलेली भाकरी शेंगाचटणीबरोबर खायचा आणि पुढं कामाला लागायचा. बस म्हटलं की बसायचा, तव्यापासून लांब हो म्हटलं की लांब व्हायचा. संध्याकाळी गुरुशांत त्याला जिना उतरून खाली फिरवून आणायचा.

रुळत नव्हत्या त्या सावित्रम्मा.

एका दुपारी त्या घरात दिसेनात. चंद्रिका जिने उतरली, कोपऱ्यापर्यंत धावली, निंगप्पाला फोन केला. कुणालाच माहीत नव्हतं. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. तासाभरानं नवी पेठेतल्या एका सराफाचा फोन आला. मडिवाळप्पांचा जुना शेजारी. "तुमच्या मातोश्री इथं आहेत. दुकानासमोर उभ्या आहेत. आत यायला तयार नाहीत."

चंद्रिका रिक्षानं पोचली तेव्हा सावित्रम्मा त्या दुकानापुढं उभ्या होत्या, जिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. हातात डबा. गर्दी त्यांना वळसा घालून चालली होती.

"अप्पा कुठं गेले बघ," त्या लेकीला म्हणाल्या. "जेवायची वेळ झाली."

मग त्यांनी वर बघितलं, पाटी वाचली, आणि त्यांना सगळं कळलं. त्यांच्या तोंडावरचा तो बदल चंद्रिकेनं पाहिला. डबा उघडला तर रिकामा होता.

त्यानंतर दाराला वरून कडी लागली. तरी एकदा मधल्या वेळात त्यांनी गॅस सोडला आणि काडी ओढायचं विसरून गेल्या. भाकरीच्या बायकांपैकी एकीला वास आला म्हणून बरं.

त्याच सुमारास प्रभुच्या पालकत्वाचं काम कलेक्टर ऑफिसात लागलं. रेश्माताईंनीच सांगितलं होतं की, मोठ्या माणसासाठी कायद्यानं पालक नेमून घ्या, नाहीतर उद्या सही कुणाची चालणार. कमिटीपुढं चौघंही गेले. अधिकारी बाई समजूतदार होत्या. त्यांनी प्रभुला चंद्रिकेकडं बोट करून विचारलं, "या कोण?"

"अक्का."

"अक्काकडं राहणार का?"

प्रभुनं मान डोलावली. त्याला पंख्याचा वारा आवडला होता. तो वर बघून हसत होता.

मग त्यांनी सहज सावित्रम्मांना विचारलं, "किती वर्षांचा आहे हा?"

सावित्रम्मांनी प्रभुकडं बघितलं. कानापाशी पिकलेले केस, गळ्याखाली पडलेली घडी. आकडा कुठंतरी होता, पण हाताला लागत नव्हता. "लहान आहे," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. चंद्रिकेनं वय सांगितलं. पालक म्हणून तिचं नाव लागलं.

 घरी आल्यावर गुरुशांतनं शर्ट काढला, पाणी प्याला, आणि खूप दिवस पोटात ठेवलेलं बोलला. "चंद्रिका, मी वाईट म्हणून बोलत नाही. पण दोघांचं नाही व्हायचं आपल्याकडून. तू तव्यापाशी, मी कामावर. एकाचं होईल. प्रभुचं ठरवलं होतं आपण, जेऊरला. ते आता दोन वर्षांवर गेलं."

"मग काय त्याला परत नेऊन टाकू? चपला घालून झोपायला?"

"मी तसं म्हणालो का?"

"मग काय म्हणताय?"

गुरुशांतनं काढलेला शर्ट खुंटीला अडकवला. जे म्हणायचं होतं ते त्याच्या तोंडून निघण्यासारखं नव्हतं.

"मला ठेवा," सावित्रम्मा म्हणाल्या.

त्या खाटेच्या कडेला बसून प्रभुच्या सदऱ्याची बटणं काढत होत्या. दोघांनीही त्यांच्याकडं वळून बघितलं.

"अक्कलकोट रोडला म्हाताऱ्यांचं आहे ना एक. विसरणाऱ्यांना घेतात म्हणे. निंगप्पाची मावशी होती तिथं. बाळीवेशीतलं घर विका आणि मला तिथं ठेवा."

"अव्वा, काहीही बोलू नकोस!" चंद्रिकेचा आवाज चढला. "आईला आश्रमात टाकून भावाला घरात ठेवला म्हणतील लोक. मी तोंड कुठं दाखवू?"

"म्हणू देत. तुला चार दिवस ऐकावं लागेल. मी तर विसरूनच जाईन."

"थट्टा करतेयस?"

"नाही गं." त्यांनी शेवटचं बटण काढलं, सदरा खांद्यावरून उतरवला. "नीट ऐक. आज डोकं जाग्यावर आहे तोवर बोलते, उद्याचं मला माहीत नाही. मला कुठंही ठेवलंत तर थोड्या दिवसांनी मला कळणार नाही मी कुठं आहे. त्याला कळेल. तो रोज दाराकडं बघेल. मग कुणी बाहेर राहायचं आणि कुणी घरात, यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"पण तुला आत्ता कळतंय की!"

"हं. आत्ता कळतंय."

चंद्रिका आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडायला लागली. पन्नाशीला आलेली बाई, हातांना पिठाचा वास. सावित्रम्मांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात फिरत होता, ते त्यांना दिसत होतं. प्रभु उघड्या अंगानं उभा राहून बहिणीकडं बघत होता. त्यानं वाकून तिच्या केसाला हात लावला आणि म्हणाला, "बेडा."

चंद्रिका लगेच तयार झाली असं नाही. बरेच दिवस ती आईशी नीट बोलली नाही. मावस-चुलत नात्यात फोन झाले. एकानं गुरुशांतला रस्त्यात गाठून सुनावलं. आपण मदतीला येतो असं मात्र त्यातल्या कुणी म्हटलं नाही. सावित्रम्मा मधल्या काळात प्रभुपासून हळूहळू हात काढून घेत गेल्या. दाढी गुरुशांतनं करायची. गोळी चंद्रिकेनं द्यायची. भरवायला त्या बसल्या की स्वतःच उठायच्या आणि लेकीला हाक मारायच्या. आधी प्रभु त्यांच्याकडंच बघत तोंड मिटून बसायचा. सावित्रम्मा दुसऱ्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसायच्या. मग आतून वाटी-चमच्याचा आवाज यायचा. तो खातो आहे, हे कळायचं. बरं वाटायला हवं होतं. बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही नाही. भाकरी वाळते तसे दिवस वाळत चालले होते.

एका सकाळी गुरुशांत त्यांना घेऊन गेला. चंद्रिका बरोबर यायची होती, पण प्रभु एकटा राहिला असता. दारात सावित्रम्मांनी प्रभुला सांगितलं, "मी तिकडं राहायला चालले. तू अक्कापाशी राहायचं. मी येणार नाही, तू मला बघायला यायचं." हे त्यांनी मुद्दाम असं सांगितलं. 'येते' म्हणायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि ते त्यांच्या लक्षात राहिलं. प्रभुच्या हातात भाकरीची चळत होती. तो "हं" म्हणाला.

रिक्षात गुरुशांतनं सासूला विचारलं, "अत्ती, माझ्यावर राग आहे का?"

"नाही. तुम्ही खरं बोललात म्हणून सोय लागली."

तो रस्ताभर चष्मा पुसत होता.

तिथं त्यांना खिडकीशेजारची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर सोजरबाई होत्या, करमाळ्याकडच्या, पाय गेलेले पण तोंड शाबूत. दिवस सारखेच होते. कधी सावित्रम्मांना वाटायचं आपण दवाखान्यात आहोत, कधी माहेरी. कधी सगळं लख्ख असायचं, आणि तेव्हा त्या मुकाट पडून राहायच्या.

रविवारी चंद्रिका, गुरुशांत आणि प्रभु आले. प्रभु जेऊरला दोन दिवस राहून आला होता. चंद्रिका पहिली रात्र तिथंच झोपली होती, दुसऱ्या रात्री तो एकटा राहिला. "जेवला, झोपला. कुंडलिकनं त्याला गाय दाखवली," चंद्रिका सांगत होती. सांगता सांगता आईच्या केसांत तेल घालत होती. प्रभु खाटेवर सावित्रम्मांना चिकटून बसला. त्यांनी त्याचा हात आपल्या हातात धरून ठेवला. आज त्या त्याला ओळखत होत्या. पुढच्या रविवारचं कुणी सांगावं.

निघायची वेळ झाली तसा प्रभु उठला आणि त्यांचा हात ओढायला लागला. "अव्वा, नडी. मनीगी." चल, घरी.

"तू जा. अक्काबरोबर जा. बस येईल बघ."

बस म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्यानं हात सोडला. गुरुशांतनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिघं व्हरांड्यातून पुढं गेले. प्रभुनं मागं वळून बघितलं नाही. तो बस कुठून येते ते बघत होता.

सावित्रम्मा रडू येईल म्हणून थांबल्या. आलं नाही.

"ल्योक व्हय?" शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोजरबाईंनी विचारलं.

"हो."

"मंग तुमास्नी का न्हेत न्हाईत घरी?"

"मीच आले इथं. मीच म्हणाले, मला ठेवा."

सोजरबाईंनी मायेनं मान हलवली. "व्हय बाई. हितं समद्याच तसं म्हणत्यात."

सावित्रम्मांनी वाद घातला नाही. आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. त्या खाटेवरून उतरल्या, सोजरबाईंची चाकाची खुर्ची धरली आणि ती ढकलत जेवायला गेल्या.